ब्याण्णवच्या पुढचं पाचवं अक्षर

कोल्हापुरातल्या एखाद्या लहान मुलाच्या रक्ताचा नमुना बीटा थॅलेसेमियाच्या डीएनए तपासणीसाठी मोठ्या प्रयोगशाळेत जातो आणि काही दिवसांनी अहवाल येतो. त्यातली कामाची ओळ एवढीशीच असते (एचबीबी हे हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणारं जनुक): एचबीबी, सी.92+5जी>सी. भारतात बीटा थॅलेसेमियाला कारण होणाऱ्या बदलांमध्ये हा सगळ्यात जास्त आढळतो. जुन्या अहवालांत तोच ‘आयव्हीएस 1-5 जी>सी’ या नावाने दिसतो. या ओळीवरून डॉक्टर आई-वडिलांना समजावून सांगतात, पुढच्या गरोदरपणात काय तपासायचं ते ठरतं. या ओळीत एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते, ती म्हणजे या जनुकाचा पहिला एक्सॉन (अंतिम आरएनएमध्ये राहणारा तुकडा) 92व्या अक्षराला संपतो आणि तिथून पुढे इंट्रॉन (कापून टाकला जाणारा तुकडा) सुरू होतो. हे कशावरून ठरलं, आणि ठरलेलं नीट राहतंय ना हे कोण पाहतं, हा या लेखाचा विषय.

एचबीबी हे लहान आणि सुटसुटीत जनुक आहे. 11व्या गुणसूत्रावर, उलट्या धाग्यावर. तीन एक्सॉन, दोन इंट्रॉन. प्रथिनात उतरणारा मजकूर थांबण्याच्या कोडॉनसकट (कोडॉन म्हणजे तीन अक्षरांचा शब्द) 444 अक्षरांचा: पहिल्या एक्सॉनमध्ये 92, दुसऱ्यात 223, तिसऱ्यात 129. पहिला इंट्रॉन 130 अक्षरांचा, दुसरा 850. ब्याण्णवला तीनने भाग जात नाही, त्यामुळे 31वा कोडॉन तुटतो. त्याची दोन अक्षरं पहिल्या एक्सॉनच्या शेवटी आणि तिसरं अक्षर 130 अक्षरं ओलांडून दुसऱ्या एक्सॉनच्या सुरुवातीला. इंट्रॉनची सुरुवात आहे जीटीटीजीजीटी. पेशीतला यू1 नावाचा छोटा आरएनए या जागेला चिकटतो आणि इथे कापायचं आहे हे ठरतं. पाचव्या जागचा जी त्या पकडीत मोलाचा असतो. तिथे सी आला की पकड सैल होते, पेशी आसपासच्या चुकीच्या जागा निवडू लागते आणि बरोबर कापलेला आरएनए फार थोडा उरतो. एक्सॉनची सीमा एका अक्षराने चुकीची नोंदलेली असती, तर हाच बदल +4 किंवा +6 म्हणून छापला गेला असता आणि त्याच्या परिणामाचा अंदाजही बदलला असता.

याच जनुकातला सिकलसेलचा बदल पाहा. मजकुराच्या 20व्या जागी ए चा टी होतो. जुन्या पुस्तकांत तो सहाव्या अमिनो आम्लावर, आजच्या अहवालात सातव्यावर. पेशी प्रथिन तयार झाल्यावर पहिलं मेथिओनिन छाटून टाकते. जुन्या मोजणीत ते धरलेलं नव्हतं, आता सुरुवातीच्या कोडॉनपासून, म्हणजे एटीजी पासून, मोजतात. बदल तोच, रोगी तोच, आकडे दोन. महाराष्ट्रात सिकलसेलच्या तपासण्या मोठ्या प्रमाणावर होत असताना जुने आणि नवे कागद एकत्र वाचणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं.

जीनोमची अक्षरं वाचून काढणं आणि त्या अक्षरांमध्ये जनुकं कुठून कुठपर्यंत आहेत ते नोंदणं, ही वेगवेगळी कामं आहेत. गावाची मोजणी होऊन नकाशा हातात आला म्हणजे सातबारा तयार झाला असं होत नाही. कोणत्या गटावर कुणाचं नाव, विहिरीत कुणाचा हिस्सा, हे पुरावा बघून लिहावं लागतं, आणि वारस लागला, वाटणी झाली की फेरफार धरावा लागतो. मानवी जीनोमचा कच्चा मसुदा 2001 साली आला, 2003 साली प्रकल्प पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. त्याच 2003 मध्ये जनुकांची अशी नोंद करणारा जेनकोड हा प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला जीनोमच्या फक्त एक टक्का भागावर, निवडलेल्या 44 तुकड्यांवर, काम झालं. हाताने अ‍ॅनोटेशन, म्हणजे ही नोंद, करणारा हवाना नावाचा गट आधी केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये होता, 2017 पासून तो शेजारच्या युरोपियन बायोइन्फॉर्मेटिक्स इन्स्टिट्यूटमध्ये आहे. हे लोक माणूस आणि उंदीर या दोन्ही जीनोमची नोंद सांभाळतात. अमेरिकेतली एनसीबीआय संस्था रेफसेक नावाची स्वतःची नोंद ठेवते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की जनुकं किती हे एव्हाना ठरलं असेल. 2012 साली जेनकोडच्या सातव्या आवृत्तीत प्रथिन बनवणारी 20,687 जनुकं होती. आज हा आकडा साडेएकोणीस हजारांच्या आसपास आहे. म्हणजे नवी काही सापडली, तरी त्याहून जास्त काढून टाकली गेली. मला या कामातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नोंद वाढवणं तुलनेने सोपं असतं. एकदा नाव मिळालेलं, लोकांनी शोधनिबंधात वापरलेलं जनुक पुराव्याअभावी खाली उतरवायला जास्त धीर लागतो.

उलट दिशेला, प्रथिन न बनवणाऱ्या लांब आरएनएंची जनुकं झपाट्याने वाढली. 2024 च्या 47व्या आवृत्तीत ती 20 हजारांच्या आसपासवरून एकदम 35 हजारांच्या पुढे गेली. संशयास्पद जागांवरचे आरएनए गळ टाकून पकडायचे आणि लांब रीड (सलग वाचलेले तुकडे) देणाऱ्या यंत्रांवर वाचायचे, अशी मोहीम माणूस आणि उंदीर दोघांवर चालवली गेली, तिचं हे फळ. एवढे ट्रान्सक्रिप्ट (जनुकावरून उतरलेल्या आरएनए प्रती) हाताने तपासणं अशक्य, म्हणून टाजीन नावाची स्वयंचलित साखळी वापरली जाते. तिचे नियम मात्र हाताने काम करणाऱ्यांनीच घालून दिलेले आहेत.

तर एका जागेवर हे काम नेमकं कसं चालतं? समोर जीनोमची पट्टी आणि खाली पुराव्यांचे थर. जुने सीडीएनए (आरएनएवरून बनवलेल्या डीएनए प्रती), आजचे लांब रीड, छोट्या रीडवरून मोजलेले इंट्रॉन, ट्रान्सक्रिप्टची सुरुवात दाखवणारा केज डेटा, शेपटीकडचा पॉली-ए (आरएनएच्या शेवटी जोडलेल्या ए च्या रांगेचा) डेटा, इतर प्राण्यांशी तुलना. आधी इंट्रॉनच्या कडा बघायच्या. जवळपास 99 टक्के इंट्रॉन जीटी ने सुरू होतात आणि एजी ने संपतात. साधारण एक टक्का जीसी ने सुरू होतात. एटी-एसी कडा असलेले फार थोडे, पण खरे आहेत. त्यामुळे कड वेगळी दिसली म्हणून लगेच रद्द करायचं नाही आणि लगेच स्वीकारायचंही नाही. दोन्ही कडांवर अक्षरांचा सारखाच छोटा तुकडा आहे का ते पाहायचं. तसा असेल, तर आरएनएवरून डीएनएची प्रत करणारं एन्झाइम मध्येच उडी मारून पुढच्या सारख्या तुकड्यावर गेलेलं असू शकतं. तो खरा इंट्रॉन नसतो, प्रयोगनळीत तयार झालेली फट असते.

मग शेपूट. पॉली-ए शेपटीला चिकटणारा टी-टी-टी चा प्रायमर (प्रत सुरू करणारा छोटा डीएनए तुकडा), आरएनएच्या आतच ए ची रांग दिसली तर तिथेही चिकटतो. मग ट्रान्सक्रिप्ट तिथेच संपल्यासारखा दिसतो. ओळखायची खूण साधी आहे. ट्रान्सक्रिप्ट जिथे संपतो त्याच्या पुढची वीसेक अक्षरं जीनोममध्ये वाचायची. तिथे ए च ए असतील तर शेवट संशयास्पद. खऱ्या शेवटाच्या 10 ते 30 अक्षरं आधी बहुधा एएटीएएए किंवा त्याचं एखादं रूप सापडतं. दुसऱ्या टोकाचं दुखणं वेगळं. आरएनए काढताना तो तुटला असेल, तर रीड आतूनच सुरू होतो आणि अपुरा ट्रान्सक्रिप्ट म्हणजे नवी सुरुवात असा भास होतो. केजचं शिखर तिथे नसेल तर नवी सुरुवात नोंदायची नाही. एकाच एक्सॉनचा, एकही इंट्रॉन नसलेला ट्रान्सक्रिप्ट आला तर आणखी सावध. नमुन्यात डीएनए राहून गेला असला की असेच तुकडे मिळतात. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत आरएनए काढल्यावर डीएनएज (डीएनए नष्ट करणारं एन्झाइम) देण्याची पायरी घाईत गाळली जाते, तिचे परिणाम असे फार पुढे जाऊन दिसतात.

सांगाडा पक्का झाला की प्रश्न येतो, यातून प्रथिन बनतं का? लांब वाचनचौकट (थांबण्याचा कोडॉन न लागता सलग वाचता येणारा भाग) मिळाली एवढ्याने भागत नाही. अक्षरांच्या कोणत्याही लांब ओळीत योगायोगाने अशा चौकटी मिळतात. खात्रीचा साक्षीदार म्हणजे उत्क्रांती. माणूस, उंदीर, गाय, कुत्रा यांची तीच जागा शेजारी-शेजारी मांडली आणि बदल मुख्यतः कोडॉनच्या तिसऱ्या अक्षरावर, अमिनो आम्ल न बदलणारे दिसले, तर निसर्ग तिथे प्रथिन जपतो आहे. फायलोसीएसएफ हे साधन हेच मोजतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीचा पुरावाही घेतात, पण कडक अटींवर. नव्या प्रथिनासाठी किमान दोन वेगळे पेप्टाइड (प्रथिनाचे छोटे तुकडे) हवेत, प्रत्येक किमान नऊ अमिनो आम्लांचा, आणि जीनोममध्ये दुसऱ्या कुठल्याही प्रथिनाशी न जुळणारा. रायबोसोम कुठे बसले ते दाखवणाऱ्या प्रयोगांतून हजारो छोट्या चौकटी पुढे आल्या. 2022 साली त्यांतल्या 7,264 चौकटींची वेगळी यादी करून ठेवली गेली. त्यांना थेट प्रथिन-जनुकाचा दर्जा दिला नाही, कारण रायबोसोम बसला म्हणजे टिकाऊ, उपयोगाचं प्रथिन तयार झालंच असं नाही. असं मधल्या पायरीवर ठेवणं मला योग्य वाटतं.

थांबण्याच्या कोडॉनकडेही नीट पाहावं लागतं. तो शेवटच्या एक्सॉन-जोडाच्या 50-55 अक्षरांपेक्षा जास्त आधी आला, तर पेशी तो आरएनए सदोष समजून नष्ट करते. अशा ट्रान्सक्रिप्टला वेगळा शिक्का असतो. पण नियमाला अपवाद आहेत. यूजीए म्हणजे थांबा, हे शाळेत शिकवतात. माणसाच्या 25 जनुकांत तोच यूजीए सेलेनोसिस्टीन आणतो, कारण आरएनएच्या शेपटीकडच्या भागात सेसिस नावाची एक घडी असते. ती घडी न शोधता संगणकावर सोपवलं तर ही प्रथिनं अर्धवट कापली जातात. सीडीकेएन2ए मध्ये तर दुसरा एक्सॉन दोन वेगवेगळ्या चौकटींत वाचला जातो आणि दोन पूर्णपणे वेगळी प्रथिनं बनतात. दोन्ही कर्करोग रोखणारी.

उंदराची नोंद माणसाच्या नोंदीबरोबर एकाच गटाकडे असणं फार उपयोगाचं आहे. संदर्भ जीनोम सी57बीएल/6जे या जातीचा, 20 गुणसूत्रजोड्यांचा. त्याची आजची मांडणी जीआरसीएम39, 2020 ची. दोन्ही समोर असली की छद्मजनुकं, म्हणजे निकामी झालेली जनुकं, नीट ओळखता येतात. इंट्रॉन नसलेली, शेपटीकडे ए चे अवशेष असलेली प्रत दिसली तर ती आरएनएवरून उलट लिहून जीनोममध्ये घुसलेली. इंट्रॉनसकट असलेली प्रत म्हणजे डीएनएच दुपटून एक भाग निकामी झालेला. तिसरा प्रकार शेजारी उंदीर ठेवल्याशिवाय कळतच नाही. उंदरात क जीवनसत्त्व बनवणारं ग्युलो जनुक चालू आहे. माणसात त्याची एकच प्रत, तीही मोडकी. म्हणून आपल्याला आवळा, लिंबू, पेरू खावे लागतात आणि उंदराला नाही. मात्र उंदरावरून माणूस ठरवतानाही मर्यादा पाळावी लागते. वास ओळखणारी जनुकं उंदरात अकराशेच्या आसपास चालू आहेत, आपल्यात चारशेच्या आसपास.

उंदरात एखादं जनुक बंद करायचं तर साधारणपणे असा एक्सॉन निवडतात, ज्याची लांबी तीनने विभाज्य नाही. तो काढला की पुढची चौकट बिघडते आणि आरएनए नष्ट होतो. पण त्या एक्सॉनच्या पुढे जनुकाची दुसरी सुरुवात असेल आणि नोंदीत नसेल, तर छोटं प्रथिन तयार होत राहतं आणि वर्षभर पोसलेल्या उंदरांतून चुकीचा निष्कर्ष निघतो.

अशी गाळलेली नोंद माणसाच्या आजारातही आडवी येते. लहान मुलांच्या गंभीर फिट्सशी संबंधित 191 जनुकांची नोंद हाताने पुन्हा तपासल्याचं काम 2019 साली प्रसिद्ध झालं. त्यात पूर्वी न नोंदलेल्या एक्सॉनांपाशी एससीएन1ए या जनुकातले असे बदल सापडले, ज्यांच्याकडे आधी कुणाचं लक्ष जाणं शक्यच नव्हतं. अहवालाचं सॉफ्टवेअर नोंदलेल्या एक्सॉनांभोवतीच शोधतं. एक्सॉन नोंदलेला नसेल तर बदल डेटात असूनही दिसत नाही. टीटीएन मध्ये उलटं होतं. या जनुकात 363 एक्सॉन, आणि त्यांतले बरेच हृदयाच्या मुख्य ट्रान्सक्रिप्टमध्ये क्वचितच येतात. अशा एक्सॉनमध्ये प्रथिन तोडणारा बदल दिसला म्हणून हृदयविकाराचं निदान केलं तर निरोगी माणसाला घाबरवल्यासारखं होतं.

इतके ट्रान्सक्रिप्ट असतील तर अहवाल कोणत्या एकाच्या आधारे लिहायचा? इथे जेनकोड-एन्सेम्बल (एन्सेम्बल ही जेनकोडची नोंद दाखवणारी युरोपियन साइट) आणि रेफसेक यांनी मिळून मेन हा संच तयार केला. प्रत्येक प्रथिन-जनुकासाठी एक ट्रान्सक्रिप्ट निवडायचा, तो दोन्ही नोंदींत पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारखा आणि जीआरसीएच38 या मानवी संदर्भ जीनोमशी तंतोतंत जुळणारा. 2022 च्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत 97 टक्क्यांहून अधिक प्रथिन-जनुकं आली. एका ट्रान्सक्रिप्टने भागत नाही अशा मोजक्या जनुकांना जोड म्हणून आणखी एक दिला जातो. रुग्णालयासाठी अहवाल लिहिणाऱ्या कुणीही मेनचा क्रमांक आवृत्तीसकट छापावा असं मी आग्रहाने म्हणेन. एक्सॉनच्या क्रमांकावर विसंबू नये. बीआरसीए1 च्या जुन्या क्रमवारीत 24 एक्सॉन, पण मूळ वर्णनातला चौथा मुख्य ट्रान्सक्रिप्टमध्ये नाहीच. त्यामुळे जुन्यांचा अकरावा तो काही ठिकाणी दहावा.

शिवाजी विद्यापीठात किंवा आसपासच्या महाविद्यालयांत आरएनए-सेकचा, म्हणजे आरएनए वाचून मिळालेला, डेटा हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांचा वेळ बहुधा ठरावीक चार-पाच ठिकाणी जातो. पहिलं, जनुकांच्या नोंदीची जीटीएफ फाइल आणि जीनोमची फाइल वेगवेगळ्या ठिकाणांहून उतरवलेली. एकीत गुणसूत्राचं नाव ‘सीएचआर1’, दुसरीत नुसतं ‘1’. मोजणी शून्य येते आणि दोष नमुन्याला दिला जातो. दुसरं, जीटीएफ एकपासून मोजते आणि दोन्ही टोकं धरते. बेड ही जागा नोंदायची दुसरी फाइल शून्यापासून मोजते आणि शेवटचं टोक सोडते. रूपांतरात एक वजा करायचं राहिलं की सगळ्या एक्सॉनांच्या कडा सरकतात. जीटीएफच्या रिवाजात थांबण्याचा कोडॉन प्रथिनाच्या मजकुरात धरत नाहीत, जीएफएफ3 या आणखी एका फाइलीच्या रिवाजात धरतात, म्हणून लांबी तीन अक्षरांनी वेगळी येते. तिसरं, नमुना धाग्याची दिशा राखून तयार केला की नाही हे न पाहता आज्ञा दिलेली. समोरासमोरच्या धाग्यांवरची जनुकं एकमेकांवर येतात तिथले रीड संदिग्ध ठरून मोजणीतून गळतात. नव्या आवृत्तीत हजारो नवी आरएनए-जनुकं आली आहेत, त्यामुळे हा फटका वाढतो. जुन्या आवृत्तीवर मोजलेला नमुना आणि नव्या आवृत्तीवर मोजलेला नमुना कधीच एका तक्त्यात ठेवू नये.

नावांऐवजी क्रमांक वापरावेत. एन्सेम्बलच्या मानवी जनुकाचा क्रमांक ईएनएसजी आणि पुढे अकरा अंक असा असतो, उंदराचा ईएनएसएमयूएसजी ने सुरू होतो, टिंबानंतरचा आकडा आवृत्तीचा. नावं एक्सेलमध्ये बिघडतात. मार्च1 आणि सेप्ट1 अशा जनुकांच्या तारखा होत होत्या, म्हणून 2020 साली नामकरण समितीने मार्चएफ1, सेप्टिन1 अशी नावं दिली. जुने तक्ते मात्र तसेच फिरत आहेत.

यंत्राची अडचण खरी आहे. रीड जीनोमवर जुळवणाऱ्या स्टार या प्रोग्रामला मानवी जीनोमसाठी 30 जीबीच्या आसपास रॅम लागते, ती आपल्या बहुतेक महाविद्यालयांत नसते. हायसॅट2 साधारण 8 जीबीच्या यंत्रावर जीनोमची तयार सूची घेऊन चालतं, आणि सामनमध्ये फक्त ट्रान्सक्रिप्टची सूची वापरली तर तेही चालतं. पीएच.डी.च्या आरएनए-सेकसाठी तेवढं पुरतं.

संदर्भ जीनोममधल्या चुकांमुळेही नोंद फसते. जीआरसीएच38 मध्ये 21व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर काही भाग चुकून दुसऱ्यांदा आलेले आहेत. होमोसिस्टिन्युरियाशी संबंधित सीबीएस त्यांपैकी एक. छोटे रीड खऱ्या आणि खोट्या प्रतींत वाटले जातात, त्यांची खात्री शून्य धरली जाते आणि खरा बदल अहवालात येत नाही. उपाय सोपा आहे. खोट्या प्रती झाकलेला जीनोम वापरायचा. टी2टी-सीएचएम13 या 2022 च्या संपूर्ण जीनोममध्ये ही चूक नाही.

कोल्हापुरात बसूनही या नोंदीत दुरुस्ती सुचवता येते, आणि ती वाचली जाते. आपल्या डेटात नवा एक्सॉन किंवा चुकीची कड दिसली, तर आधी यूसीएससी किंवा एन्सेम्बलच्या ब्राउझरमध्ये ती जागा उघडायची आणि जेनकोड, रेफसेक, मेन, केज, फायलोसीएसएफ हे थर एकाखाली एक लावायचे. शेपटीचा आणि सारख्या तुकड्यांचा दोष नाही ना ते तपासायचं. मग जेनकोडला लिहायचं: जीनोमची मांडणी, गुणसूत्र आणि अक्षरांचे क्रमांक, धागा, ट्रान्सक्रिप्टचा आवृत्तीसकट क्रमांक, इंट्रॉनला आधार देणारे रीड किती नमुन्यांत किती, आणि डेटा सार्वजनिक असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक. एकाच नमुन्यातल्या दोन रीडवर काही ठरत नाही. वेगवेगळ्या व्यक्तींच्या नमुन्यांत तोच इंट्रॉन दिसला तर मात्र तो अ‍ॅनोटेटरच्या टेबलापर्यंत पोहोचतो. जीनोमइंडियाने 10 हजार भारतीयांचे जीनोम वाचले आहेत, पण ती डीएनएची अक्षरं आहेत. भारतीय ऊतींतले लांब-रीड आरएनए अजून फार कमी आहेत. शस्त्रक्रियेत काढलेली ऊती, रीतसर संमती आणि नैतिक समितीची परवानगी घेऊन, लगेच आरएनए टिकवणाऱ्या द्रावात टाकली आणि उणे 80 अंशांवर ठेवली, तर ती काही वर्षांनीही वाचता येते. ऊती बाहेर काढल्यानंतर हे लवकर झालं नाही, तर मात्र आरएनए तुटू शकतो आणि तुटलेल्या ट्रान्सक्रिप्टची सुरुवात पुढच्या कुठल्याही यंत्राने परत मिळत नाही.